गच्चीची किल्ली

गच्चीची किल्ली माझ्याकडे असते.
बाराव्या मजल्यावरच्या लोखंडी दाराची,
लाल दोऱ्यात ओवलेली.
भाडेकरूंना ती द्यायची नाही असा नियम आहे.
नेलिदा एचेवेरीला मी देतो.

ऑगस्ट संपत आला की ती येते.
इकडे तेव्हा हिवाळ्याची शेपटी अजून वळवळत असते,
आणि सांता रोसाचं वादळ
तीस तारखेच्या आगेमागे मोन्तेविदेओवर येणारच,
असं आम्ही सगळे धरून चालतो.
वेधशाळेवर माझा विश्वास नाही.
आईच्या गुडघ्यांवर होता.

एका खांद्यावर तिपाई, दुसऱ्या काखेत थर्मास,
सत्तरी ओलांडलेली बाई.
लिफ्ट बंद असली तर दर तिसऱ्या मजल्यावर थांबते
आणि बिल्डरांच्या नावानं बोटं मोडते.
मागून मी, बॅग घेऊन.

वर पोचल्यावर ती काहीच करत नाही.
पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं.
"आकाश झकास आहे," मी म्हणालो. निळंभोर होतं.
"निळं आकाश म्हणजे इस्त्रीचा शर्ट," ती म्हणाली,
"आत माणूस आहे की हँगर, कळत नाही."

मग आम्ही माते पीत बसतो,
एकच भोपळा, एकच नळी, आळीपाळीनं.
उजवीकडे बंदराच्या क्रेन,
समोर जुनं हॉटेल, कधीचं बंद,
त्यामागे नदी, जिचा पलीकडचा काठ दिसत नाही
आणि जिचा रंग दूध जास्त झालेल्या चहाचा.

दक्षिणेकडून काळं येतं ते आधी वासानं येतं.
मग पाण्यावर एक रेघ सरकू लागते.
मग सूर्य, बुडता बुडता,
ढगाच्या पोटाखालून तिरका घुसतो
आणि हॉटेलाचा फुटका घुमट एकदम पेटतो,
जणू आत आज लग्न आहे.
मागे आभाळ वांग्यासारखं, चकचकीत जांभळं.
तीन मिनिटं. कधी चार.
तेवढा वेळ नेलिदा माझ्याशी बोलत नाही.
देवाशीही बोलत नसावी.

गेल्या खेपेला मी विचारलं, चौदा वर्षांत पहिल्यांदा,
"मी येऊ का फोटोत?"
ती भिंगावर काळी काच चढवत होती.
"वीस सेकंद लागतील. ढग वाहिलेले दिसले पाहिजेत.
हलायचं नाही. श्वास घे, पण चोरून."

मी कठड्यापाशी उभा राहिलो, टोपी काढून.
का काढली कोण जाणे.
सहाव्या सेकंदाला खालून हाक आली,
"वाल्देमार! चौथ्या मजल्यावर पाणी येत नाही!"
अकराव्याला नदीत वीज पडली.
मी हललो नाही.
म्हणजे, मला तसं वाटलं.

फोटो डिसेंबरात पोस्टानं आला.
हॉटेल आहे. घुमटाचा तडा न् तडा आहे.
ढग पिंजलेले. वीज केसाएवढी, उभी.
आणि कठड्यापाशी थोडा धूर.
धुराच्या हातात टोपी आहे.
धुरातून पलीकडच्या इमारतीची टाकी दिसते,
टाकीवर रंगवलेला आकडासुद्धा.
मागे तिच्या अक्षरात एकच शब्द: हललास.

किल्ल्यांच्या फळीशेजारी मी तो टाचून ठेवलाय.
लोक जाता जाता थांबतात.
"हे हॉटेल पाडलं ना?"
हो, जूनमध्ये. तीन दिवस धूळ उडत होती,
जिन्यातली झाडं मी दोनदा पुसली.
आता तिथे खड्डा आहे, भोवती पत्रा.
फोटोत मात्र ते हललेलं नाही.
मला अजून कुणी ओळखलेलं नाही.

आज एकोणतीस. गुडघा ठणकतोय, आता माझा.
गच्चीच्या कुलपात तेल सोडलं,
लिफ्टवाल्याला दोनदा फोन केला.
ती आली तर विचारेन,
मध्ये काही उभंच नसलेल्या एवढ्या आभाळाचा
फोटो कुठून सुरू करायचा.

चौथ्या मजल्यावर पाणी अजून येत नाही.